चौदा नंबरच्या ब्लॉकवरची गोल रेघ

दर रविवारी सकाळी दहाच्या आसपास मेघा गजभिये बाबांचा डबा घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या दाराने आत शिरायची. चौकीदाराला वाटायचं, पोरगी काय गुणाची आहे, सुटीच्या दिवशीही ऑफिसात राबणाऱ्या बापाला गरम खाऊ घालते. पोरगी गुणाची होतीच, त्यात वाद नाही, पण डबा नुसता दाखवायला होता. आत गेली की ती ओढणी कमरेला खोचायची, केस वर बांधायची आणि बाबांच्या जागी मशीनवर उभी राहायची. बाबा शेजारच्या स्टुलावर बसायचे. आठ महिने हे असं चाललं होतं आणि त्या दोघांशिवाय कुणाला, अगदी मेघाच्या आईलाही, याचा पत्ता नव्हता.

बाबा म्हणजे धम्मानंद गजभिये, त्या कार्यालयातले दगड घासणारे. ऐकायला हे काहीच वाटत नाही, मेघालाही दहावीपर्यंत वाटायचं नाही. जमिनीत शेकडो फूट खोल भोक पाडून काढलेल्या दगडाचा तुकडा त्यांच्याकडे यायचा. तो कापायचा, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या गोल साच्यात ठेवून वर राळ ओतायची, राळ कडक झाली की फिरत्या तव्यावर त्याचा चेहरा घासायला घ्यायचा. आधी खरबरीत, मग बारीक, मग हिऱ्याच्या भुकटीच्या पेस्टवर, जिचे कण आधी तीन मायक्रॉनचे, मग एक मायक्रॉनचे, शेवटी पाव. थांबायचं कधी, तर त्यात आपल्या नाकातला केस दिसला की. हे माप बाबांचंच. अशा तयार चकतीला ते ब्लॉक म्हणत. तो ब्लॉक मायक्रोस्कोपखाली ठेवला की दगडाच्या पोटात काय काय दडलंय ते साहेब लोकांना दिसायचं, आणि बाबांनी घासलेल्या ब्लॉकवर त्यांना दगडाशिवाय दुसरं काहीच दिसायचं नाही. एक रेघ नाही, एक ओरखडा नाही. हैदराबादहून, जबलपूरहून लोक आपले दगड पाठवायचे आणि सोबत चिठ्ठी, शक्यतो गजभियेंकडून करून घ्यावे.

मार्चमध्ये बाबांचा उजवा हात हलायला लागला. आधी चहाच्या कपात दिसला, मग सहीत, मग मशीनवर. डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. निवृत्ती नोव्हेंबरच्या तीस तारखेला होती.

"ऑफिसात सांगून टाका ना, बाबा," मेघा म्हणाली होती.

"सांगितलं तं आवक-जावकच्या टेबलावर नेऊन बसवतीन. चौतीस वर्षं मशीनवर उभा राह्यलो, पोरी. मले मशीनवरूनच घरी जायचं हाये."

"मंग मले शिकवा."

बाबा हसले. मग हसायचे थांबले, कारण मेघा हसत नव्हती.

आता मेघाचं त्या वर्षीचं सांगायलाच हवं. दहावीपर्यंत वर्गात हजेरीला "येस सर" म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती ही मुलगी अकरावीत गेल्यावर वक्तृत्व स्पर्धेत उभी काय राहिली आणि पहिली काय आली. त्यानंतर तिला कुणी थांबवूच शकेना. ती भाजीवाल्याला वजनकाटा शिकवायची, आईला पोळ्या. तिच्या अंगात असं काही भरलं होतं की हात लावीन ते जमेल. आणि जमलंही. दोन महिन्यांत तिचा हात असा बसला की बाबांनी ब्लॉक उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा धरला आणि म्हणाले, "माह्या चुका कुठं गेल्या याच्यातल्या?" मेघाला बक्षिसापेक्षा ते वाक्य मोठं वाटलं. पुढे भूविज्ञानच घ्यायचं, शिकून याच कार्यालयात यायचं आणि पुढच्या दाराने यायचं, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आठवडाभर बाबा कापायचे, राळ ओतायचे, साधं घासायचे. शेवटचं पॉलिश रविवारसाठी मागे ठेवायचे.

सप्टेंबरमध्ये शामला मॅडम वर्कशॉपमध्ये आल्या. या तिथल्या शास्त्रज्ञ. भंडाऱ्याकडच्या एका जुन्या बोअरहोलच्या दगडांवर तीन वर्षं मान मोडून बसलेल्या. त्यांनी बाबांच्या हातावर पेढा ठेवला आणि हळूच सांगितलं की भाऊ, तुमच्या एका ब्लॉकमध्ये काहीतरी सापडलंय, पण पक्कं होईपर्यंत कुठे बोलायचं नाही. कुठे बोलायचं नाही म्हणून बाबांनी घरी येऊन दार लावलं आणि दोघींना सांगितलं.

"जगातल्या कोणत्याच पुस्तकात नाही असं खनिज. सल्फोसॉल्ट म्हणते म्याडम त्याले. म्हणजे गंधकाच्या घरात शिसं, चांदी अन् अँटिमनी, तिघं एकत्र राह्यते."

"भांडत नाही का?" आई म्हणाली.

"भांडत असतीन. पण लाखो वर्षं झाली, कोणी घर सोडलं नाही."

"केवढं आहे, बाबा?"

"केसाचे उभे दोन भाग कर. एक भाग फेकून दे. उरला तेवढा एक कण. एकच सापडला."

आईने कपाळाला हात लावला. "त्याच्यापायी पेढे?"

पण मेघाला त्या रात्री झोप लागेना. बाबांनी समजावलं होतं की एवढ्यावर नवीन खनिज ठरत नाही. आत कोणतं द्रव्य किती आहे ते मोठ्या यंत्रातून मोजून झालं होतं. आता ती द्रव्यं आत कशी रचून बसली आहेत ते बघायचं, आणि त्यासाठी तो कण सुईने उकरून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. मग जगभरच्या खनिजवाल्यांची एक समिती आहे, ती मत देणार, मग नाव. नंतर तो ब्लॉक संग्रहालयात कायमचा. त्या ब्लॉकवरचं पॉलिश धम्मानंद गजभियेंचं. म्हणजे खरं तर कुणाचं, ते मेघाला माहीत होतं.

"कोणता ब्लॉक?" तिने विचारलं होतं.

"ते नाही सांगितलं. मीबी इचारलं नाही."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी बाबांनी तिच्यापुढे सहा ब्लॉक ठेवले. यंत्रात घालण्याआधी ब्लॉकवर कार्बनचा पातळ थर देतात, तो त्यांच्यावर अजून होता, निळसर तपकिरी.

"हे कोटिंग काढायचं फक्त. मऊ कापडावर एक-एक मिनिट. बाकी काही करू नको."

"हाव."

बाबांच्या गोळ्या त्या आठवड्यात डॉक्टरने बदलल्या होत्या. त्यांना गरगरत होतं. ते पलीकडच्या खोलीत बाकावर आडवे झाले आणि जाताना म्हणाले, "झालं की उठवजो."

पाच ब्लॉक झाले. सहावा, चौदा नंबरचा, कोटिंग उतरल्यावर तिने सवयीने वर्कशॉपच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली धरला. चकचकीत पृष्ठभागाच्या साधारण मध्यावर एक रेघ होती. बारीक, खोल आणि गोल. कंपासने काढावी तशी गोल.

आठवडाभरापूर्वीच बाबा हसत हसत घरी सांगत होते की लॅबचे मुख्य गोपाळराव साहेब चहा पिताना म्हणाले, भाऊ, आताशा रेघा दिसून राहिल्या तुमच्या कामात. बाबा हसत होते पण जेवले अर्धीच पोळी. ज्याच्यावर साहेबांना रेघा दिसल्या तो ब्लॉक त्यांनी रविवारची वाट न बघता घाईत गुरुवारी स्वतः केला होता. मेघाला वाटलं, हाही तसलाच. क्षणभर तिच्या मनात आलं, हलत्या हाताची रेघ इतकी नेमकी गोल कशी? पण तिच्याकडे तेव्हा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. तवा गोल फिरतो. कापडात कण अडकला असेल. कण एका जागी, ब्लॉक फिरता, रेघ गोल. झालं.

वीस दिवस राहिले होते. वीस दिवसांनी बाबा शाल घेऊन घरी येणार होते आणि मागे त्यांची कामं कपाटात राहणार होती, त्यात हा ब्लॉक, गोल रेघेसकट. पुढे कुणीतरी तो उजेडात धरून म्हणणार, शेवटी शेवटी भाऊंचा हात गेला होता.

तिने बाबांना उठवलं नाही. तीन मायक्रॉनची पेस्ट काढली. कापड बदललं, हात धुतले, ब्लॉक टेकवला, बोटांनी हलका दाब दिला, जसा शिकवला होता तसा, ना कमी ना जास्त. मध्ये दोनदा बघितलं. रेघ फिकी झाली, मग तुटक झाली, मग गेली. मग एक मायक्रॉन. मग पाव. सगळं आटोपलं तेव्हा चौदा नंबरच्या ब्लॉकमध्ये खिडकीची जाळी दिसत होती, चौकोन न् चौकोन.

घरी जाताना बसमध्ये तिने बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आजच्या कामात तुम्हाले एकबी रेघ सापडणार नाही." बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "माहीत हाये मले."

मंगळवारी बाबा दुपारी तीनलाच घरी आले. आई दारात तांदूळ निवडत होती.

"अवो, सुटी झाली का काय?"

बाबा चप्पल न काढता आत आले, घोटभर पाणी प्यायले. मेघा कॉलेजातून नुकतीच आली होती.

"म्याडमचा तो कण गेला," ते म्हणाले. "ब्लॉक पुन्हा पॉलिश झाला, त्याच्यात गेला. चौदा नंबरचा."

मेघाच्या हातात पोह्यांची बशी होती. ती तिने खाली ठेवली.

"कसा गेला?" आईने विचारलं.

"कण सापडला की म्याडम हिऱ्याच्या टोकानं त्याच्याभोवती गोल रेघ मारते. दुसऱ्यांदा शोधायले सोपं जावं म्हणून. हे दगडाच्या कामातल्या कोणालेबी माहीत असते. गोल रेघ दिसली की तिकडे हात लावायचा नाही." ते मेघाकडे बघत नव्हते. "माह्यानं झालं. ध्यानात राह्यलं नाही मले."

आई रेघ कसली, हिरा कसला असं विचारत राहिली. बाबा आतल्या खोलीत गेले. मेघा त्यांच्या मागे गेली आणि तिने दार लोटलं.

"बाबा, ते मी..."

"माहीत हाये."

"मले वाटलं तुमच्या हातानं..."

"हळू बोल." बाबा खाटेवर बसले. "तुह्यी चूक नाही. आठ महिन्यांत तसा एकबी ब्लॉक आला नाही, मंग मी सांगतोच कायले? शिकवताना जे समोर येते तेच शिकवते माणूस. सांगायले पाहिजे होतं."

"मी उद्या म्याडमले सांगते."

"काही सांगायचं नाही." एवढं कडक ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "तुले त्याच ऑफिसात शिकायले जायचं हाये ना? मंग जिच्या हातून असं झालं ती पोट्टी म्हणून जाशीन का तिथं? मी पंधरा-वीस दिवसांचा पाहुणा. मले काय फरक पडते."

फरक पडला. मेघाला तो रोज दिसला. शामला मॅडम ओरडल्या नव्हत्या. त्यांनी फक्त तीनदा विचारलं होतं, भाऊ, तुम्हाला खरंच गोल खूण दिसली नाही? चौतीस वर्षांत हजारो खुणा बघितलेला माणूस खूण म्हणजे काय हेच विसरला, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी बिनसलं, एवढाच अर्थ लोकांनी काढला. मशीनची चावी गोपाळराव साहेबांनी स्वतःकडे ठेवली. बाबांना टेबल मिळालं, आवक-जावकचं. शिपाई विक्की येता-जाता विचारायचा, "भाऊ, घराचा पत्ता याद आहे ना, का सोडून देऊ?" बाबाही म्हणायचे, "बसचा नंबर सांगशीन फक्त." हे सगळं ते घरी गंमत म्हणून सांगायचे. आई हसायची. मेघा उठून आत जायची.

शनिवारी शामला मॅडमनी बाबांना शहराबाहेर हिंगण्याला बोलावलं, आणि कॉलेज बुडवून मेघाही त्यांच्यासोबत गेली. बाबांना एकट्याने बसमध्ये चढायला आता जड जायचं, असं तिने आईला सांगितलं. तिथे कंपन्यांच्या रांगांमागे कार्यालयाचं गोदाम होतं, पत्र्याचं, आणि आत जमिनीतून काढलेले दगडांचे दांडे लाकडी पेट्यांत निजवून ठेवलेले, हजारो. शामला मॅडम आधीच पोचल्या होत्या. त्यांना त्या कणाचे भाऊबंद हवे होते. जिथून चौदा नंबर कापला त्याच खोलीवरचा उरलेला दांडा.

पेटी उघडली. त्या जागी वीतभर लाकडी ठोकळा होता. आधी कुणीतरी कशासाठी तरी दगड काढून नेला होता आणि जागा भरायला ठोकळा ठेवला होता. त्याच्या कडेला बोटभर तुकडा काय तो शिल्लक.

मॅडमनी तो रुमालात घेतला. "भाऊ, याचे किती होतील?"

"पाच. सांभाळून कापले तं सहा."

"कापाल?"

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "माह्या जागी आलेला नवीन पोऱ्या कापीन. मी बाजूले उभा राहतो."

मॅडम गाडीत बसल्या. मग काच खाली करून मेघाला म्हणाल्या, "बाबांना जप गं. डॉक्टरांना दाखवलंत का? विसरण्याचं वेळेवर कळलं तर औषध असतं." मेघाने मान हलवली. गाडी गेली. कंपन्यांच्या बसेस सुटायची वेळ होती आणि रस्ता मोटारसायकलींनी भरून गेला. बाबा बाजूला धूळ झटकत उभे होते. त्यांना सगळं आठवत होतं. कोणत्या वर्षी कोणता बोअरहोल, कोणत्या पेटीत किती फूट. येतानाच्या बसमध्ये त्यांनी तिला सगळी पाठ म्हणून दाखवली होती.

त्या तुकड्याचे सहा ब्लॉक झाले. सहाही कोरे निघाले, तसा कण एकातही नव्हता.

निवृत्तीला चार दिवस होते तेव्हा मेघा कॉलेजातून थेट शामला मॅडमच्या खोलीत गेली. पुढच्या दाराने. वाटेत तिने भाषण तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. खोलीत पाऊल टाकल्यावर त्यातलं एक वाक्यही आलं नाही.

"मॅडम, बाबा विसरले नाहीत. तो ब्लॉक मी पॉलिश केला. आठ महिन्यांपासून रविवारचं सगळं मीच करते. त्यांचा हात हलतो. डोकं चांगलं आहे त्यांचं. मला ती खूण माहीत नव्हती, मला वाटलं बाबांचीच रेघ आहे, म्हणून काढली."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्यांनी कम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक फोटो होता. पांढुरक्या चकचकीत खनिजात एक लहानशी राखाडी सळी, कडेला किंचित निळी झाक. भोवती रेघ.

"हाच," त्या म्हणाल्या. "आता एवढंच आहे. फोटो आणि आकडे. आत रचना कशी होती ते आता कुणी सांगू शकत नाही. मीही नाही."

"नाव ठरवलं होतं तुम्ही?"

"ठरवलं होतं. आता ते कुणाला सांगणार नाही."

मेघा उभीच होती. मॅडमनी टेबलाचा खण उघडला, एक कागद शोधला आणि तिच्यापुढे ठेवला. ब्लॉकसोबत पाठवलेल्या चिठ्ठीची नक्कल होती ती. सहाही ब्लॉकवरील कोटिंग काढावे. इतर काही करू नये. काम भाऊंनी स्वतः करावे. 'स्वतः'खाली दोन रेघा मारलेल्या.

"हे तुला दाखवलं होतं त्यांनी?"

मेघाने ती चिठ्ठी कधीच बघितली नव्हती. ती बाबांच्या शर्टाच्या खिशात राहिली असणार. तिने ती पुन्हा वाचली, आणि आपण आत्ता काय सांगून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

"मला भाऊंचा राग आला नव्हता," शामला मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मला त्यांची काळजी वाटत होती. मी घरी जाऊन रडले त्यांच्यासाठी, त्या कणासाठी नाही. मी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात ते दिलं नसतं. आणि त्यांनी..." त्या थांबल्या. "तुझा हात चांगला आहे. ते मी बघितलं होतं. मला वाटलं, भाऊंचा हात सुधारलाय."

"मॅडम, साहेबांना नका सांगू."

"मला सांगावं लागेल, बाळा. अहवालात कारण लिहायचं आहे. खोटं कसं लिहू?"

निरोपसमारंभ झाला. शाल, पुष्पगुच्छ, सामोसे. पण चौतीस वर्षांच्या माणसासाठी जे बोलतात ते कुणी बोललं नाही. गोपाळराव साहेब म्हणाले, "प्रदीर्घ सेवा," आणि घड्याळाकडे बघितलं. आदल्याच दिवशी त्यांनी बाबांना पत्र दिलं होतं की शासकीय काम बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतल्याबद्दल खुलासा करावा. विक्कीने चेष्टा केली नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. शामला मॅडम आल्या, त्यांनी बाबांना नमस्कार केला, त्या मागच्या खुर्चीवर बसल्या आणि सामोसा न खाता गेल्या.

आई रिक्षाने सामान घेऊन पुढे गेली. बाबा आणि मेघा बसच्या थांब्यावर उभे राहिले. चार दिवसांत बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलले होते.

"बाबा, ते म्हणत होते तुमचं डोकं गेलं. मले सहन झालं नाही."

"हाव."

"खरं सांगितलं मी."

"खरंच सांगितलं." बाबांनी पुष्पगुच्छ दुसऱ्या हातात घेतला. "विसरभोळा म्हणून गेलो असतो तं दोन वर्षांनी लोकं म्हटले असते, बिचारा, शेवटी आजारी होता. आता म्हणतीन, म्याडमनं स्वतः कर म्हणून लिहून देलं अन् यानं पोट्टीच्या हातात देलं. फसवलं. तेबी खरंच हाये."

"मंग मी काय करायले पाहिजे होतं?"

बाबांनी खूप विचार केला. खरंच केला, तिला समजावायचं म्हणून नाही. बस आली, लोक चढले, बस गेली.

"मले नाही माहीत वं," ते म्हणाले.

पुढच्या बसमध्ये गर्दी नव्हती. दोघं शेजारी बसले आणि इंदोऱ्याला उतरले. घरी आल्यावर आईने शाल घडी करून ट्रंकेत टाकली आणि ट्रंकेला कुलूप लावलं, जसं काही कुणी ती न्यायला येणार होतं.

त्यानंतर मेघा रविवारी उशिरापर्यंत झोपायची. वक्तृत्व स्पर्धेचा फॉर्म आला तो तिने मैत्रिणीला देऊन टाकला. सर म्हणाले, काय झालं गं तुला, तर म्हणाली, अभ्यास आहे. अभ्यास होताच.

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, पोस्टाने एक पाकीट आलं. शामला मॅडमचा लेख छापून आला होता. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकिटावर मात्र धम्मानंद गजभिये असं नीट, पूर्ण लिहिलेलं होतं.

बाबा कूलरसमोर बसले होते. दोन्ही हात आता मांडीवर आपोआप हलत असायचे आणि ते त्यांच्याकडे बघतही नसत.

"वाच," ते म्हणाले.

लेख इंग्रजीत होता. मेघा वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. कुठला बोअरहोल, किती खोली, शेजारी कोणकोणती खनिजं. शिसं इतकं, चांदी इतकी, अँटिमनी इतकं, गंधक इतकं. मग ती थांबली.

"काय झालं?"

"'पुन्हा पॉलिश करताना हा एकमेव कण नष्ट झाला. त्यामुळे त्याची अंतर्गत रचना ठरवता आली नाही.'"

"कोणाचं नाव टाकलं?"

"कोणाचंच नाही."

"अन् त्या खनिजाचं?"

"'अनामित' लिहिलं हाये."

बाबांनी मान हलवली. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि तो नुसता कोरडा वाजत होता. आईने आतून आवाज दिला की बादली कुणीतरी भरा. मेघा उठणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब."

ती थांबली.

"कितीवर घेतला होता तू पहिले?"

तिला आधी कळलंच नाही. नोव्हेंबरपासून त्यांनी तिला त्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"तीन मायक्रॉनवर."

"किती वेळ?"

"अठरा मिनिटं."

"मधात पाह्यलं?"

"दोनदा."

"मंग एकवर?"

"दहा. अन् पाववर पाच."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ किंचित हलत होते, मनात हिशेब करत असल्यासारखे. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा थेट तिच्याकडे बघितलं.

"रेघ काढायची असती," ते म्हणाले, "तं मीबी तेवढाच वेळ देला असता."

मेघाने बादली उचलली आणि नळाशी जाऊन उभी राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी तिला नळ बंद करायचं सुचलं नाही.